ओळखा पाहू कोण? : जुन्या हॉलिवूडमधल्या बिननावाच्या कुजबुजी

कृष्णधवल

आई आणि मावशी कॉलेजात असताना धोबीतलावच्या मेट्रोला इंग्रजी सिनेमे बघायच्या. घरी आल्यावर दोघींचा एक खेळ असायचा. सिनेमाच्या मासिकात नाव न घालता छापलेली एखादी बातमी घ्यायची आणि ती नक्की कुणाची, यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालायचा. हा नाद मला त्यांच्याकडून लागला. दोघीही आता नाहीत, म्हणून तो खेळ इथे मांडते आहे.

अशा बातमीला तिकडे 'ब्लाइंड आयटम' म्हणतात. 'एक विवाहित नायक', 'एक सोनेरी केसांची नटी' एवढंच लिहायचं. नाव नाही, त्यामुळे अब्रूनुकसानीचा दावा लावता येत नाही, आणि ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. हा प्रकार हॉलिवूडच्याही आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये 'टाउन टॉपिक्स' नावाचं साप्ताहिक होतं, कर्नल विल्यम डी'आल्टन मान या गृहस्थांचं. ते एका बातमीत नाव न घेता कुणाचं तरी लफडं छापायचे आणि जवळच दुसऱ्या एका साध्या बातमीत, मेजवानीच्या किंवा प्रवासाच्या, त्याच माणसाचं नाव घालायचे. वाचकानं दोन्ही जोडून घ्यायचं. जुनी सदरं वाचताना ही किल्ली आजही उपयोगी पडते. बिननावी मजकुराच्या वरखाली कुणाचं नाव विनाकारण आलंय ते आधी बघावं.

हॉलिवूडमध्ये या खेळाला पैशाचं वजन आलं ते १९२१ नंतर. विनोदी नट रॉस्को 'फॅटी' आर्बकलवर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पार्टीनंतर तरुणीच्या मृत्यूचा खटला झाला. तीन वेळा खटला चालला. १२ एप्रिल १९२२ रोजी ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं, वर लेखी माफीही मागितली. तरी त्याचं करिअर संपलं ते संपलंच. त्यानंतर स्टुडिओंनी करारात वर्तणुकीचं कलम घालायला सुरुवात केली: बदनामी झाली तर करार रद्द. म्हणजे प्रत्येक गुपिताला किंमत आली. ती किंमत वसूल करणाऱ्या दोन सदरवाल्या बायका तुम्हाला माहीत असतील, हर्स्टच्या वृत्तपत्रांतली लुएला पार्सन्स आणि १९३८ पासून लॉस एंजेलिस टाइम्समध्ये लिहिणारी हेडा हॉपर.

आता तीन कोडी देते. सदरांच्या थाटात लिहिली आहेत, पण शब्द माझे आहेत.

१) एक देवभीरू कॅथलिक नटी. बर्फाळ डोंगरात एका विवाहित बड्या नटाबरोबर चित्रीकरण, चोरून प्रेम. मग तब्येतीचं कारण सांगून ती बराच काळ गायब. पुढे अनाथाश्रमातून एक मुलगी दत्तक घेते. मुलीचे कान मात्र फार ओळखीचे.

२) पडद्यावरची उमराव घरातली साहेबीण. जन्मगाव विचारलं की फार लांबचं एक बेट सांगते. घरात एक सावळी वयस्कर बाई असते, ती पाहुण्यांसमोर येते ती नोकर म्हणून.

३) एका देखण्या नटाचं गुपित एका मासिकाला कळलं. ते छापू नये म्हणून त्याच्या एजंटानं दुसऱ्या दोन नटांची गुपितं मासिकाच्या हवाली केली.

नियम एकच. नावासोबत पुरावा द्यायचा: जन्मदाखला, कोर्टातली साक्ष, किंवा त्या व्यक्तीनं स्वतः लिहिलेलं. 'तेव्हा सगळ्यांना माहीत होतं' हा पुरावा धरणार नाही.

वांद्रे_लोकल

मस्त धागा! दुसरं म्हणजे व्हिव्हियन ली. जन्म दार्जिलिंगचा.

शिंपला

वांद्रे_लोकल, हिंदुस्थानचा धागा बरोबर पकडलात, पण व्हिव्हियन लीनं दार्जिलिंग कधी लपवलं नाही. दुसरं उत्तर मर्ल ओबेरॉन, आणि ती तर आपल्या मुंबईची.

जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. घरात तिला क्वीनी म्हणत. पुढे कुटुंब कलकत्त्याला गेलं, तिथून ती इंग्लंडला. तिथे निर्माता अलेक्झांडर कोर्डानं तिला पुढे आणलं आणि १९३९ मध्ये तिच्याशी लग्नही केलं. जन्मगाव म्हणून ऑस्ट्रेलियाचं टास्मानिया बेट ठरवण्यात आलं. अंतर इतकं की कोणी चौकशीला जाणार नाही, आणि वर गोऱ्या साहेबाची वसाहत. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. २०२३ मध्ये मिशेल योचं नामांकन झालं तेव्हा बऱ्याच बातम्यांत 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली' असं जपून लिहिलं होतं. ते या मुंबईच्या मुलीमुळे.

पुरावा: जन्मदाखला. तो मुंबईच्याच सरकारी दप्तरात निघाला, आणि तिच्या मृत्यूनंतर १९८३ साली आलेल्या चरित्रात टास्मानियाची गोष्ट जाहीरपणे मोडली. दाखल्यावर आईचं नाव कॉन्स्टन्स आहे. मर्ल जिला सगळा जन्म आई समजली ती शार्लट खरी तिची आजी, आणि कॉन्स्टन्स ही 'थोरली बहीण'. मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतः शाळकरी वयाची होती. तो दाखला शोधून काढणारा गृहस्थ कॉन्स्टन्सचाच मुलगा. मर्ल आपली मावशी असं समजून तो वाढला होता, आणि दाखल्यानं ती त्याची बहीण निघाली. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, पण ती भेटली नाही.

ती सावळी बाई म्हणजे ही शार्लट. १९३७ मध्ये वारली. नंतर मर्लनं जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र काढून घेतलं, आणि चित्रात तिचा रंग उजळ करून घेतला. मला या सगळ्यात त्या चित्राचं सर्वांत जास्त वाईट वाटतं. तिला आईचं तोंड रोज डोळ्यांसमोर हवं होतं आणि ते जसं होतं तसं भिंतीवर लावायची सोय नव्हती.

वांद्रे_लोकल

ही माहिती मला अजिबात नव्हती. पण लपवायची एवढी गरज का पडावी? हिंदुस्थानातून आलेली नटी म्हणून उलट कौतुक झालं असतं ना?

शिंपला

त्या काळात नसतं झालं. १९१७ च्या अमेरिकन कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला तिथे स्थायिक व्हायला बंदी होती, ती १९४६ मध्ये सैल झाली. शिवाय सिनेमाच्या आचारसंहितेत मिश्र वंशाचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला मनाई. म्हणजे खरं जन्मगाव सांगितलं असतं तर गोऱ्या नायकाची नायिका होणंच संपलं असतं. १९३९ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर ती उभी राहिली ती टास्मानियाची म्हणून.

१९७८ मध्ये ती टास्मानियातल्या होबार्टला गेली. तिथे 'आपली मुलगी' म्हणून नागरी स्वागत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती गेली. जिथे कधी जन्मलीच नाही त्या गावाचे हार घालून घ्यायचे, सदुसष्टाव्या वर्षी. विचार करून बघा.

पाचोळा

पहिलं कोडं सोपं आहे, इन्ग्रिड बर्गमन. लग्न झालेलं असताना इटालियन दिग्दर्शक रोसेलिनीपासून दिवस गेले, केवढा गहजब झाला होता.

कृष्णधवल

@पाचोळा, नाही. बर्गमनच्या बाबतीत लपवणं घडलंच नाही. डिसेंबर १९४९ मध्ये पार्सन्सनं ती बातमी पहिल्या पानावर नावासकट फोडली. मार्च १९५० मध्ये सिनेटर एडविन जॉन्सननं थेट सिनेटमध्ये उभं राहून तिचा उद्धार केला. तिनं मूल लपवलं नाही, त्याची शिक्षा म्हणून काही वर्षं तिला हॉलिवूड बंद झालं. पहिल्या कोड्यातली नटी चौदा वर्षं आधीची आहे आणि तिनं उलटा रस्ता धरला.

आगंतुक

मग लोरेटा यंग आणि क्लार्क गेबल. चित्रपट 'कॉल ऑफ द वाइल्ड', १९३५, वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकर भागात चित्रीकरण. मुलगी जुडी, जन्म ६ नोव्हेंबर १९३५. जन्मानंतर तिला अनाथाश्रमात ठेवलं आणि एकोणीस महिन्यांची झाल्यावर आईनं आपलीच मुलगी 'दत्तक' घेतली. बातमी कुणामार्फत दिली? लुएला पार्सन्स.

गेबलचे कान जगप्रसिद्ध. ते या पोरीलाही आले. लहानपणी तिच्या डोक्यावर सतत कान झाकणाऱ्या टोप्या असायच्या, आणि सातव्या वर्षी शस्त्रक्रिया करून कान मागे बसवून घेतले.

पुरावा तुमच्या नियमात बसतो: जुडी लुइसनं १९९४ मध्ये 'अनकॉमन नॉलेज' हे आत्मचरित्र लिहिलं. हे नाव कुठून आलं ते सांगतो. १९५८ मध्ये तिचं लग्न ठरलं. ती होणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, माझे वडील कोण मला माहीत नाही, मी लग्न कशी करू? तो म्हणाला, मला माहीत आहेत, सगळ्यांनाच माहीत आहेत, क्लार्क गेबल. बावीस वर्षांची होईपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट एकट्या तिलाच ठाऊक नव्हती.

रेघोट्या

अंगावर काटा आला वाचून. शिंपला यांनी लिहिलेलं आणि हे एकत्र वाचा. मर्लची आई कोण हे मर्लला नाही, जुडीचा बाप कोण हे जुडीला नाही.

पाचोळा

नटीची मुलगी, कान, टोप्या, सगळं पटलं. आता माझ्याकडून एक. मूकपटातली 'इट गर्ल', आणि कॉलेजचा एक अख्खा फुटबॉल संघ. हे कुणाबद्दल ते सांगायला नकोच. आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

रेघोट्या

पाचोळा, क्लारा बोबद्दलची ही गोष्ट कृपा करून इथे पसरवू नका. ती खोटी आहे आणि तिचा खोटेपणा तपासून झालेला आहे. १९८८ मध्ये तिच्या चरित्रकारानं, डेव्हिड स्टेननं, त्या यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) संघातल्या हयात खेळाडूंना गाठून विचारलं. ती त्या पोरांना घरी पार्टीला बोलवायची, एवढंच निघालं.

हा धूर कुठून निघाला तेही सांगते. १९३१ च्या जानेवारीत क्लाराच्या माजी सेक्रेटरीवर पैशाच्या अपहाराचा खटला झाला. सदतीस आरोपांपैकी एक सिद्ध झाला, पण कोर्टात क्लाराची खासगी पत्रं, बिलं, सगळं उघड्यावर आलं. एका स्थानिक पत्रकाच्या मालकानं त्यावर तिखटमीठ लावून वाटेल ते छापलं. त्या मजकुरासाठी तो तुरुंगात गेला. पण मजकूर राहिला. मग १९५९ मध्ये केनेथ अँगरचं 'हॉलिवूड बॅबिलॉन' आलं आणि त्यानं तीच घाण पुस्तकात बांधून अजरामर केली. क्लारा तेव्हा जिवंत होती, १९६५ मध्ये गेली. तिचे मुलगे मोठे झाले होते. त्यांच्या कानावर हे गेलं नसेल?

१९३१ मध्ये पंचविशीच्या या बाईची मनःस्थिती ढासळली, पॅरामाउंट स्टुडिओ सुटला, ती नेव्हाडात रँचवर निघून गेली. कृष्णधवल ताई, तुमचा पुराव्याचा नियम मला म्हणूनच आवडला.

पाचोळा

मला हे ठाऊक नव्हतं. कुठेतरी वाचलं होतं आणि खरं मानलं होतं. मागे घेतो.

दूरदेशी

मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. बेव्हर्ली हिल्समध्ये ला सिएनेगा रस्त्यावर ऑस्करवाल्या अकादमीची मार्गारेट हेरिक लायब्ररी आहे. हेडा हॉपरचे कागद तिथे जपून ठेवले आहेत. आतल्या त्या शांत खोलीत बसलं की जाणवतं, छापलेलं सदर हे हिमनगाचं टोक आहे. न छापता ठेवून दिलेलं खरं भांडवल. स्टुडिओला आतून कळवायचं की हे आमच्याकडे आहे, आणि बदल्यात दुसरी बातमी घ्यायची. हॉपर आपल्या बेव्हर्ली हिल्समधल्या घराला 'भीतीनं बांधलेलं घर' म्हणायची, ते काही उगाच नाही.

तिसऱ्याचं उत्तर त्यावरूनच: रॉक हडसन, एजंट हेन्री विल्सन, मासिक 'कॉन्फिडेन्शियल'. हडसन समलिंगी आहे हे छापून येऊ नये म्हणून विल्सननं रोरी कॅल्हूनची तरुणपणीची तुरुंगवारी आणि टॅब हंटरची १९५० मधली अटक मासिकाला दिली.

काळाकोट

दूरदेशी यांचं उत्तर तुम्हाला अपेक्षित असलेलंच असणार. पण कृष्णधवल, हे कोडं तुमच्याच नियमात बसत नाही. ती देवाणघेवाण झाल्याचा कागद कुठे आहे? जे छापील आहे ते असं: कॅल्हूनची बातमी मे १९५५, हंटरची सप्टेंबर १९५५. ३ ऑक्टोबरच्या 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर हडसन, आणि आत असं की एकोणतीस वर्षांच्या या नटानं आता लग्न करावं नाहीतर न करण्याचं कारण सांगावं असं चाहत्यांचं म्हणणं आहे. नोव्हेंबरात हडसनचं लग्न, विल्सनच्याच सेक्रेटरीशी. १९५८ मध्ये घटस्फोट. तारखा ओळीनं लावल्या की सौदा झाला असणार असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं. हंटरनं विल्सनला आधीच सोडलं होतं आणि तो सूड होता हे पटण्यासारखं आहे. पण कोर्टात मी एवढ्यावर उभा राहणार नाही.

'कॉन्फिडेन्शियल'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यानं हा खेळच पालटला. १९५२ मध्ये रॉबर्ट हॅरिसननं ते काढलं. मुखपृष्ठावर ब्रीद छापलेलं: आम्ही सत्य सांगतो आणि नावं घेतो. कोड्यात बोलणं संपलं. बातमी देणाऱ्यांकडून शपथपत्रं घ्यायचे, वकिलाकडून मजकूर तपासून घ्यायचे. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया सरकारनं खटला भरला. बहुतेक तारे साक्षीच्या धास्तीनं गावाबाहेर निघून गेले. दोघी उभ्या राहिल्या. मॉरीन ओ'हारानं आपला पासपोर्ट दाखवला: मासिकानं जेव्हा तिला हॉलिवूडच्या थिएटरात चाळे करताना 'पाहिलं', तेव्हा ती देशातच नव्हती. आणि डोरोथी डँड्रिज. तिच्याबद्दल छापलं होतं की लेक टाहोला कार्यक्रमासाठी गेली असताना रानात एका गोऱ्या पुरुषाबरोबर होती. तिनं शपथेवर सांगितलं की त्या ठिकाणी काळ्या बाईला असं मोकळं हिंडायची मुभाच नव्हती; गाणं संपलं की खोलीत. त्या खोट्याचं खोटेपण सिद्ध करायला तिला स्वतःच्या अपमानाचीच साक्ष द्यावी लागली.

ज्युरीचं दोन आठवडे एकमत झालं नाही, खटला निकालाविना संपला. पण हॅरिसननं तसल्या बातम्या बंद करायचं मान्य केलं आणि १९५८ मध्ये मासिक विकलं.

जाता जाता कायद्याचं. अमेरिकेत मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, म्हणून नट गेला की दुसऱ्या वर्षी पुस्तकं येतात. आपल्याकडे जुन्या दंड संहितेतल्या ४९९ कलमाचं पहिलं स्पष्टीकरण, आता न्याय संहितेच्या ३५६ मध्ये, वेगळं सांगतं: मृत व्यक्तीबद्दलचा आरोपही, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केला तर, बदनामी ठरू शकतो.

कृष्णधवल

काळाकोट, मान्य. तिसरं कोडं मी मागे घेते. सौदा झाला असं मी इतक्या ठिकाणी वाचलं की कागद विचारायचंच राहून गेलं. टॅब हंटरनं २००५ मध्ये स्वतःबद्दल स्वतः लिहिलं तेवढं खरं धरू. हडसनबद्दल त्याचा एड्सचा आजार १९८५ मध्ये जाहीर झाला तेव्हा जगाला कळलं, आणि त्याच ऑक्टोबरात तो गेला.

निशिगंध

उशिरा आले, पण पहिल्या कोड्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोड्यात 'चोरून प्रेम' लिहिलं आहे. २०१५ मध्ये लोरेटा यंगच्या सुनेनं एक गोष्ट सांगितली. लोरेटा म्हातारपणी, पंचाऐंशीच्या आसपास असताना, टीव्हीवर कार्यक्रम बघत होती. त्यात ओळखीच्या पुरुषानं केलेल्या बलात्काराबद्दल बोलत होते. तिनं त्या शब्दाचा अर्थ घरच्यांना विचारला. समजावून सांगितल्यावर म्हणाली, माझ्या आणि क्लार्कच्या बाबतीत हेच झालं होतं. चित्रीकरणाहून परतताना, आगगाडीत. कुटुंबानं ते जुडी २०११ मध्ये जाईपर्यंत बाहेर बोलून दाखवलं नाही.

म्हणजे बघा. हॉलिवूडनं नटाचं नाव बरोबर ओळखलं होतं. नटीचं बरोबर. मुलीचं बरोबर. कान बरोबर. ऐंशी वर्षं सगळे ते प्रेमप्रकरण म्हणून चघळत होते, आणि काय घडलं होतं ते एकालाही ओळखता आलं नव्हतं. तिला स्वतःलाही त्यासाठी शब्द नव्हता.

याला जन्मदाखला असणार नाही. सुनेचा शब्द आहे फक्त. नियमात बसत नसेल तर सांगा.

काळाकोट

गाडीत काय झालं याचा कागद कधी निघणार नाही. पण तिनं स्वतः जिवंतपणी, ज्यांच्यापासून तिला काही मिळवायचं नव्हतं अशा घरच्या माणसांना सांगितलं, एवढं यात आहे. मी ते वाचतो आणि 'प्रेम' हा शब्द वापरायचं थांबवतो.

रेघोट्या

आणि त्याच माणसाबरोबर पंधरा वर्षांनी तिला पुन्हा चित्रपट करावा लागला, १९५० मध्ये. हसतमुखानं.

कृष्णधवल

निशिगंध, पहिल्या कोड्यातले ते शब्द मागे घेते. 'चोरून प्रेम' म्हणायला नको होतं. आई आणि मावशीनंही ते प्रेमच मानलं होतं. आई तर गेबलचा विषय निघाला की 'बिचारी लोरेटा, धर्म आडवा आला' म्हणायची. तिला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

आगंतुक, तुम्ही दिलेल्या पुराव्यात एक भर घालते. १९५० च्या चित्रपटाच्या सुमाराची आहे. जुडीनं लिहिलंय की ती पंधरा वर्षांची असताना एक दिवस शाळेतून घरी आली तर दिवाणखान्यात क्लार्क गेबल उभा होता. आईनं ओळख करून दिली आणि स्वतः आत निघून गेली. तो तिच्याजवळ बसला. शाळा कशी चाललीय, मैत्रिणी कोण, कुणी मित्र आहे का, असं बराच वेळ विचारत राहिला. आईच्या ओळखीचा एवढा मोठा नट आपली इतकी चौकशी का करतोय, तिला कळेना. जाताना त्यानं वाकून तिच्या कपाळाचा मुका घेतला. कान तेव्हा शस्त्रक्रियेनं मागे बसवलेले होते. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. १९६० मध्ये तो गेला आणि १९६६ मध्ये तिनं आईला पहिल्यांदा सरळ विचारलं.